पाणी मोजलंत का? रेणुभार काढायची रीत

"काका, ऑक्झॅलिक ऍसिडचा रेणुभार नव्वद की एकशे सव्वीस?" खालच्या मजल्यावरची अकरावीतली मुलगी जिन्यातूनच विचारत वर आली. पाठ्यपुस्तकात ९०, प्रॅक्टिकलच्या वहीत १२६. दोन्ही बरोबर. याच खड्ड्यात नोकरीच्या पहिल्या महिन्यात मीही पडलो होतो, तेही पगार घेऊन. पण आधी साधा हिशेब.

रेणुभार म्हणजे किराण्याचं बिल. सूत्रात कुठलं मूलद्रव्य किती नग आहे ते बघा, प्रत्येकाचा दर म्हणजे अणुभार मांडा, गुणा आणि बेरीज करा. दर आवर्तसारणीत मिळतात, पाठ करत बसू नका. नेहमी लागणारे एवढेच: हायड्रोजन १.००८, कार्बन १२.०११, नायट्रोजन १४.००७, ऑक्सिजन १५.९९९, गंधक ३२.०६, क्लोरीन ३५.४५. क्लोरीनचा आकडा असा अर्धवट का, हे मुलं हमखास विचारतात. निसर्गात चार क्लोरीन अणूंपैकी साधारण तीन ३५ वजनाचे असतात आणि एक ३७ चा. दर सरासरीचा लागतो. म्हणून हायड्रोक्लोरिक ऍसिड ३६.४६.

आता सल्फ्युरिक, म्हणजे एच टू एस ओ फोर. हायड्रोजन दोन: २.०१६. गंधक एक: ३२.०६. ऑक्सिजन चार: ६३.९९६. बेरीज ९८.०७. शाळेत १, ३२ आणि १६ घेऊन ९८ येतात. परीक्षेला तेवढं पुरतं. दशांश शेवटी एकदाच पूर्णांकात आणा, मधे मधे आणू नका.

इथे एक गंमत आहे. संहत सल्फ्युरिकच्या बाटलीवर '९८ टक्के' छापलेलं असतं. त्या ९८ चा रेणुभाराशी काही संबंध नाही. शंभर ग्रॅम द्रवात ९८ ग्रॅम ऍसिड, बाकी पाणी, इतकाच त्याचा अर्थ. योगायोगाने आकडे जुळले आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी गोंधळले. फॉस्फोरिकचा रेणुभारही ९७.९९ येतो, तो तिसरा भाऊ.

कंस आला की हात थोडा सावकाश चालवा. विरलेला चुना घ्या: कॅल्शियम, मग कंसात ओ एच, कंसाबाहेर २. हा २ कंसातल्या दोघांनाही लागतो. ४०.०७८ अधिक १७.००७ च्या दुप्पट, म्हणजे ७४.०९. घाईत तो फक्त हायड्रोजनला लावला तर ५८ येतात, आणि उत्तर दिसायला इतकं साळसूद असतं की शंकाही येत नाही.

मिठासारख्या क्षारात सुटा रेणू नसतोच, सोडियम आणि क्लोरीनची नुसती जाळी असते. म्हणून ५८.४४ ला काटेकोरपणे सूत्रभार म्हणायचं. हिशेब तोच.

खरी गोम आहे ती सूत्राच्या मधल्या टिंबात. मोरचुदाच्या, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटच्या, सूत्रात शेवटी टिंब देऊन पाच पाणी लिहिलेलं असतं. ते टिंब गुणाकाराचं नाही, अधिकचं आहे. आणि पाच हा आकडा फक्त पाण्याचा. कोरडं कॉपर सल्फेट १५९.६०, पाण्याचे पाच रेणू ९०.०८, एकूण २४९.६८. तुरटीत तर असे बारा रेणू, म्हणजे ४७४ पैकी २१६ नुसतं पाणी! आमच्या बडोद्यात तिला मराठी घरांतही फटकडी म्हणतात. तव्यावर तिची लाही करताना खडा आधी वितळतो, खदखदतो आणि मग पांढरा फुगून येतो, तेव्हा हेच पाणी उडून जात असतं.

आता माझा किस्सा. बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या एका कारखान्याची लॅब. कॉस्टिक सोड्याचं द्रावण तपासायला मला ०.१ मोलरचं २५० मिली ऑक्झॅलिक करायचं होतं. एक मोलर म्हणजे लिटरभर द्रावणात रेणुभाराइतके ग्रॅम, ०.१ मोलर म्हणजे त्याचा दहावा हिस्सा. हा आकडा म्हणजेच मोलॅरिटी. ग्रॅम काढायची रीत अशी: रेणुभार गुणिले मोलॅरिटी गुणिले लिटर. मी पुस्तकातला ९०.०३ घेतला, ०.१ ने गुणला, ०.२५ ने गुणला, आणि २.२५१ ग्रॅम चौथ्या दशांशापर्यंत जपून तोललं. बाटलीत होतं दोन पाणीवालं स्फटिक, १२६.०६ चं. हवं होतं ३.१५२ ग्रॅम. द्रावण ०.१ ऐवजी जेमतेम ०.०७१ मोलरचं झालं, आणि त्याच्या भरवशावर कॉस्टिकची तीव्रता कागदावर चाळीस टक्के चढी आली. तीनदा टायट्रेशन केलं, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून किती लागतं ते मोजलं, आणि तिन्ही वेळा ब्युरेटचा, म्हणजे त्या मोजनळीचा, आकडा तंतोतंत जुळला. त्यामुळे मी आणखीच ठाम! आमचे सीनियर केमिस्ट आले, वही बघितलीच नाही, बाटली फिरवून लेबलावरच्या टिंबावर नख ठेवलं आणि गुजरातीत म्हणाले, "पाणी गण्युं?" पाणी मोजलंत का?

तेव्हापासून माझी पहिली पायरी सूत्र लिहिणं नाही, लेबल वाचणं आहे. नावावर जाऊ नका. 'निर्जल' (बिनपाण्याचं) लिहिलंय, 'डायहायड्रेट' (दोन पाणीवालं) की 'मोनोहायड्रेट' (एक पाणीवालं), ते बघा. चांगल्या बाटलीवर रेणुभारही छापलेला असतो. आपलं उत्तर त्याच्याशी ताडून पाहा. दुसऱ्या दशांशात फरक असला तर सोडून द्या. १८ चा किंवा १८ च्या पटीत फरक पडला, तर चूक बेरजेची नाही, पाण्याची आहे.

मुलीला सरावाला सायट्रिक ऍसिड दिलं, आपलं खमणात पडणारं लिंबाचं फूल. कार्बन ६, हायड्रोजन ८, ऑक्सिजन ७. तिने १९२.१२ काढले, मग स्वतःहूनच एक पाणी मिळवून २१०.१४ बाजूला लिहिले, आणि पुडी बघायला खाली पळाली. वाण्याने सुटं बांधून दिलेलं, लेबल कुठलं असणार? खमणाला ते चालतं. तिच्या प्रॅक्टिकलला चाललं नसतं.