‘आर्गुमेंतो’ म्हणजे भांडण नव्हे

स्पॅनिशची बी-वन, म्हणजे मधली पातळी झाली, पण वर्गात आधुनिक कथेवर बोलायची वेळ आली की माझी गाडी ‘छान आहे’वरच अडायची. शंभरेक शब्दांची यादी पाठ केली होती. ऐन वेळी एक आठवेल तर शपथ!

घोळ इंग्रजीमुळे होता: शब्द सारखे दिसतात, अर्थ वेगळे. ‘आर्गुमेंतो’ म्हणजे वाद नाही, कथानक. ‘काराक्तेर’ म्हणजे स्वभाव. पात्राला म्हणतात ‘पेर्सोनाहे’. ‘एदितोरियाल’ हा अग्रलेख असतो तशी प्रकाशन संस्थाही. लिंगांची तर आणखी गंमत. कादंबरी आपल्यासारखीच स्त्रीलिंगी, ‘ला नोवेला’, पण कविता ‘एल पोएमा’, पुल्लिंगी! नायिकासुद्धा ‘एल पेर्सोनाहे’च; आपलं ‘पात्र’ तरी नपुंसकलिंगी, कुणाचीच बाजू न घेणारं.

शेवटी यादी फाडली. रोज ठाणे-वाशी लोकलमध्ये, आधीच वाचलेली एकच मराठी कथा मनातल्या मनात स्पॅनिशमध्ये सांगायची. ऐरोलीपर्यंत कथानक, घणसोलीपर्यंत पात्रं, तुर्भ्याला ‘देसेनलासे’, म्हणजे शेवटची उकल. सुरुवात ठरलेली: ‘एल क्वेन्तो त्राता दे...’, ही कथा अमुकविषयी आहे. हा ‘त्राता’ माझा खरोखरच त्राता ठरला. वाक्याला तोंड फुटलं की पुढचे शब्द आपोआप येतात.

तीन आठवड्यांनी वर्गात सलग चार मिनिटं बोलले. ‘एल पोएमा’ला मात्र अजूनही ‘ला’ लावते.