घरात गोल्फचे बॉल आणताय? आधी रंग बघा

पावसाळ्यात रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चिखल असतो, म्हणून मागच्या जूनमध्ये घरातच हात चालू ठेवायला डझनभर फोमचे बॉल आणले. पांढरे. हुबेहूब खऱ्यासारखे. तिथेच घात झाला.

तर पहिली गोष्ट, रंग. पिवळे घ्या, केशरी घ्या, पोपटी घ्या, पांढरे घेऊ नका. मी पटिंगसाठी (बॉल जमिनीवरून होलकडे हळू ढकलणं) काढलेला एक खरा बॉल याच पांढऱ्या फोमच्या बादलीत पडला. आठवडाभर सुखात गेला. मग एका संध्याकाळी नऊ नंबरच्या आयर्नने (धातूच्या पात्याची काठी) सोफ्याला टेकवलेल्या गादीकडे एक मारला, तो गादीच्या वरून गेला आणि शोकेसची काच खाली आली. आत सासूबाईंचा कपबशीचा सेट होता. होता. खरा बॉल जवळजवळ 46 ग्रॅमचा असतो, फोमचा हातात घेतल्याचं कळतही नाही. पण खाली मॅटवर ठेवल्यावर पांढरा तो पांढराच, डोळ्यांना फरक दिसत नाही.

आता कुठला कशासाठी. चिपिंगला (जवळून हलकेच उचलून मारणं) आणि अर्ध्या स्विंगला फोम. क्लबच्या, म्हणजे काठीच्या, तोंडाच्या मध्यावर लागला का, निघताना सरळ निघाला का, एवढंच त्यातून कळतं. किती लांब गेला याचा हिशेब मांडत बसू नका. वेजची, म्हणजे बॉल उंच उडवणाऱ्या तिरक्या पात्याच्या काठीची, धार बॉलच्या वरच्या बाजूला बसली तर फोम चिरतो, म्हणून अगदी मऊ, स्पंजासारखे घेऊ नका. बोटांनी दाबा, लगेच फुगून परत आला पाहिजे. भोकांचे प्लास्टिकचे बॉल स्वस्त असतात आणि हवेत पटकन मरतात, पण फरशीवर असे टकटक वाजतात की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात. शिवाय आयर्नने तडकतात. गच्ची असेल तरच घ्या.

पटिंगला मात्र खराच बॉल हवा. फोम घरंगळत नाही, भरकटतो. सतरंजीच्या सुरकुत्या आधी काढा. पाणी प्यायचा स्टीलचा पेला आडवा ठेवून त्यात घालवा. कोर्सवरचं होल 108 मिलिमीटरचं असतं, पेल्याचं तोंड त्याहून लहान, त्यामुळे नंतर होल परातीएवढं वाटतं. आणि हा खरा बॉल फोमच्या बादलीत टाकायचा नाही. वेगळ्या मोज्यात, वेगळ्या कपाटात. रंग वेगळा असला तरीही.

मॅट लागतेच. नुसत्या फरशीवर मारलंत तर मनगटाला झिणझिण्या येतात आणि फरशीचा टवका उडतो. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, फ्लॅटमध्ये काढायचाच नाही, बॉल कुठलाही असो. 45 इंचांचा तो दांडा फिरवणार कुठे? पंख्याचं सांगायला नको.

बाकी पटापट: डझन पुरतात. गॅलरीत ठेवू नका, फोम पाणी पितो. घरात कुत्रं किंवा रांगतं मूल असेल तर झाकणाचा डबा. दुपारी दोन ते चार बंद. चिरलेले फेका.

आणि मारण्याआधी प्रत्येक बॉल हातात घेऊन वजन बघा. प्रत्येक. पिवळा असला तरी.