पन्नाशीनंतरचा एक ग्लास

नेरुळला आम्ही सहा मैत्रिणी महिन्यातून एकदा जमतो. पस्तिशीत दोन ग्लास वाइन घेऊन मी निवांत झोपायचे. आता ५२व्या वर्षी एकाच ग्लासानंतर रात्री तीनला घामाघूम होऊन जाग येते.

दारू शरीरातल्या पाण्यात मिसळते. बायकांच्या अंगात पाण्याचं प्रमाण मुळातच पुरुषांपेक्षा कमी. वयाबरोबर स्नायू घटतात, तसं ते आणखी उतरतं. म्हणजे घोट तेवढाच, पण रक्तात दारू जास्त. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन खालीवर होतं, अंगातून वाफा येतात, झोप मोडते. त्यात दारूची भर.

म्हणून आधी मोजायला शिका. मी मापाचा कपच वापरते. ३० मिलिलिटर व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, १५० मिलिलिटर वाइनमध्ये मात्र १४-१५. ‘वाइन हलकी असते’ हे डोक्यातून काढून टाका! उपाशीपोटी घेऊ नका, झोपायच्या तीन-चार तास आधी थांबा. महिनाभर वहीत लिहा: तारीख, किती घेतली, झोप कशी लागली. मला माझं दुखणं त्या वहीतूनच कळलं.

झोपेच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांपासून काही लपवू नका. मी लाजेपायी दोन वर्षं गप्प राहिले, त्याची अजून खंत वाटते. थोड्या दारूनेही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. घरात आई-बहिणीला तो झाला असेल, तर बाई गं, सरळ कोकम सरबत मागव.