अंबडची वही सिन्नरला पोचवण्याआधी

आमच्या कंपनीचा एक प्लांट नाशिकच्या अंबडला, दुसरा सिन्नरला. मध्ये तासाभराचा रस्ता. तरी सिन्नरच्या प्रोजेक्ट टीमने लीक टेस्टिंगच्या, म्हणजे पार्टमध्ये हवा भरून तो गळतो का ते बघण्याच्या, एका भानगडीत अकरा दिवस घातले, आणि तीच भानगड अंबडच्या टीमने दोन वर्षांपूर्वी निस्तरलेली होती. पार्ट धुण्याच्या मशीनमधून निघालेला गरम जॉब, म्हणजे तो पार्ट, थेट टेस्टिंगला लावला की टेस्ट चालू असतानाच आतल्या हवेचं तापमान हलतं, त्याबरोबर दाबही हलतो. मग कधी चांगला जॉब गळका ठरतो, कधी गळका जॉब पास होतो. एका अंशाच्या फरकाने बंद हवेचा दाब साधारण ०.३ टक्क्यांनी बदलतो. मशीन फसायला तेवढं पुरतं. अंबडच्या एका ऑपरेटर काकांनी हे सगळं खिशातल्या वहीत टिपून ठेवलं होतं. ती वही कोणी मागितलीच नाही.

पुढच्या महिन्यात दोन्ही टीम एकत्र बसणार आहेत आणि तयारी माझ्या गळ्यात पडली आहे. त्यासाठी केलेली ही यादी. तुमच्याकडे असं काही ठरत असेल तर उचला.

सगळ्यात आधी प्रश्न मागवा, आणि तेही शिकायला येणाऱ्या टीमकडून. ‘लीक टेस्टिंगबद्दल सांगा’ हा प्रश्न नव्हे. ‘धुतल्या धुतल्या लावलेला जॉब फेल होतो आणि तोच जेवणानंतर पास होतो, असं का?’ हा प्रश्न. असे पाच-सहा प्रश्न आठवडाभर आधी हातात आले नाहीत तर सरळ तारीख पुढे ढकला. नाहीतर साठ स्लाइडची पीपीटी होते आणि सगळे चहाला उठतात.

मग माणसं. मॅनेजर मंडळी येतीलच, त्यांची काळजी नको. ज्याने स्वतः पाना फिरवला तो यायला हवा. काकांना फर्स्ट शिफ्टमधून सोडवायचं तर त्यांच्या जागी रिलीव्हर लागतो. तो सुपरवायझरकडून नावानिशी पक्का करून घ्या, ‘बघू, करू’वर जाऊ नका. आणि काकांना ‘प्रेझेंटेशन द्या’ म्हणालात तर ते त्या दिवशी रजा टाकतील. ‘काका, तुम्ही काय केलं होतं ते यांना जरा मशीनवर दाखवा ना’ एवढंच म्हणा.

म्हणून पहिला तास शॉपवर, म्हणजे मशीन चालतात तिथेच, जेवणाच्या सुट्टीच्या आसपास, आवाज कमी असताना. काका जॉबवर तळहात ठेवतात आणि सांगतात, ‘अजून नाही.’ थोड्या वेळाने पुन्हा ठेवतात, ‘आता लावा.’ हे कुठल्याही स्लाइडवर येत नाही. पण नुसतं बघून कौतुक करू नका. जॉबला टेकवायचा एक आणि हवेसाठी साधा एक, असे दोन थर्मामीटर सोबत ठेवा आणि काका ‘आता लावा’ म्हणतील त्या क्षणी जॉबचा आणि शॉपमधल्या हवेचा, दोन्ही आकडे टिपा. सिन्नरला काका नसतील, आकडे असतील. फेल झालेले दोन-तीन जॉबही टेबलावर असू द्या.

तारीख महिनाअखेरची नको, ऑडिटच्या आठवड्यातली नको. सिन्नरची गाडी नाशिकच्या द्वारका चौकात अडकणार हे धरूनच वेळ सांगा. कस्टमरची ड्रॉइंग्ज दुसऱ्या टीमला दाखवायची परवानगी आहे का, ते आधी विचारून घ्या. नसेल तर ती भिंतीवरून काढून ठेवा.

मीटिंग रूममध्ये फळ्यावर चारच प्रश्न लिहा: काय व्हायला हवं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. अमेरिकी लष्करात सरावानंतर साधारण याच प्रश्नांवर बसतात आणि तिथे हुद्दा बाजूला ठेवायची पद्धत आहे. आपल्याकडे प्लांट हेड समोर असले की ‘का झालं’ला सगळे फळ्याकडे बघत बसतात. त्यांना शेवटच्या अर्ध्या तासाला बोलवा. मी घाबरत घाबरत विचारलं, तर सर म्हणाले, ‘बरं झालं, मलाही कामं आहेत.’

हजेरीपत्रक ठेवा. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ हे कलम याच विषयाचं, म्हणजे कंपनीतलं ज्ञान जपण्याचं आणि पुढे देण्याचं, आहे, ऑडिटर ते विचारतो. पण सह्या झाल्या म्हणजे काम झालं, असं कलमातही लिहिलेलं नाही.

निष्कर्ष एका ए-थ्री कागदावर मावला पाहिजे. फाइलला प्रोजेक्टचं नाव देऊ नका. तो प्रोजेक्ट कोणाला आठवणार? ‘गरम जॉब लीक टेस्टला फेल’ असं लक्षणाचं नाव द्या, कारण रात्रपाळीत अडकलेला माणूस तेच टाइप करून शोधतो. खाली, चालत असेल तर, काकांचा नंबर.

आणि वही. काकांना विचारून हवी तेवढी पानं झेरॉक्स करा, पण वही तिथल्या तिथे परत द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांना ती लागणार आहे.