बागेची ऑनलाइन नोंदवही: या चुका टाळा

मोहोर दिसायला लागला की ओळखीतल्या बागायतदारांचे फोन सुरू होतात. "गेल्या वर्षी तुडतुड्यावर पहिली फवारणी कधी मारली होती, सापडत नाही गो." नोंद केलेली असते, मोबाइलमध्येच असते, पण ऐन वेळी कामाला येत नाही. कारणं बहुतेक तीच तीच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपलाच नोंदवही समजणं. कोकणात हे फार, कारण मालक मुंबईला आणि बाग गावाला. राजापूरकडच्या एका कुटुंबाचं असंच झालं. त्यांची वाडी खाली व्हाळाला, म्हणजे ओढ्याला लागून, तिथे रेंज नाही. राखणदार बिचारा नेमाने फोटो काढायचा आणि सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर चढला किंवा बाजाराला गेला की सगळे एकदम पाठवायचा. ग्रुपवर साधा फोटो पाठवला की त्यातली मूळ तारीख, वेळ आणि ठिकाण निघून जातं. मुंबईत ते फोटो मिळाल्याच्या तारखेने साठत गेले. वर्षभराने बघायला बसले तर एकाच कलमाचा बोंगा (मोहोराचा नुकता फुटणारा कोंब) आणि फुललेला मोहोर, दोन्हींवर एकच तारीख! बोंगा फुटल्यापासून मोहोर फुलायला किती दिवस लागले, हे त्यातून कळणार कसं? त्यांनी अंदाजाने फवारणी पुढे ढकलली आणि औषध गेलं ते नेमकं फुललेल्या मोहोरावर. परागीभवन करणाऱ्या माश्या तेव्हाच बागेत असतात. त्या कलमांना कणी, म्हणजे बारीक फळं, फार कमी धरली.

मी अशांना एकच सांगते: राखणदाराच्या मोबाइलमध्ये गूगल फोटोजचा बॅकअप चालू करून द्या आणि एक सामाईक अल्बम करा. फोटो चार दिवसांनी चढला तरी तारीख काढल्याचीच राहते. ग्रुपवरच पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रत्येक कलमाच्या खोडावर रंगाने नंबर घाला आणि आधी त्या नंबराचा फोटो, मग पानाचा किंवा मोहोराचा. जीपीएसवर विसंबून "लोकेशन आहे ना त्यात" म्हणू नका. हापूसची कलमं साधारण दहा-दहा मीटरवर असतात आणि दाट फांद्यांखाली मोबाइलचं ठिकाण सहज तेवढं सरकतं. नोंद शेजारच्या कलमाच्या नावावर जाते.

दुसरी चूक शीटमधल्या तारखांची. ही दिसत नाही, म्हणून मला तिची जास्त चीड आहे. गूगल शीटचं लोकेल, म्हणजे देशाची सेटिंग, अमेरिकेचं राहिलं असेल तर ७/८ म्हणजे ७ ऑगस्ट न धरता ती ८ जुलै धरते. पडद्यावर ७/८ च दिसतं, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. १२ च्या पुढचा दिवस लिहिला, म्हणजे १५/८, की तिला ती तारीखच वाटत नाही, साधा मजकूर म्हणून ठेवते. माझ्या मावसभावाने कल्टार (मोहोर यावा म्हणून कलमांना देतात ते औषध) दिल्याच्या तारखा अशाच भरल्या होत्या. शिफारस १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळाची, त्याने दिलंही वेळेत. पण शीटने काही कलमं जुलैच्या सुरुवातीला नेऊन ठेवली. त्याने तक्ता काढला, "लवकर घातलं की मोहोर लवकर येतो" असं ठरवलं आणि वाडीतल्या इतरांनाही सांगून मोकळा झाला. तक्ता काढण्याची घाई होती, कागदाच्या डायरीशी दोन तारखा ताडून बघायला मात्र वेळ नव्हता.

ओळखायची खूण सोपी आहे. शीटला तारीख कळली असेल तर ती चौकटीत उजवीकडे चिकटते, मजकूर वाटला तर डावीकडे. एकाच रकान्यात काही डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की लगेच थांबा. फाइल, सेटिंग्ज, लोकेल इथे जाऊन भारत निवडा. आधी चुकलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत, त्या एकेक करून हातानेच बदलाव्या लागतात. मी तर महिना अंकात लिहीतच नाही, इंग्रजी अक्षरांत लिहिते.

"आर्द्रात लावली" हे छानच, पण शेजारी तारीखही घाला.

झाडांची नावं दर वेळी हाताने टाइप करू नका. "हापूस", "हापुस" आणि "आंबा हापूस" ही शीटला तीन वेगळी झाडं. ड्रॉपडाउन, म्हणजे नाव निवडायची यादी, करून ठेवा.

"खूप पाऊस" ही नोंद नव्हे, आणि हवामानाच्या अ‍ॅपमधला आकडाही तुमच्या बागेचा नव्हे. आंबोली आणि वेंगुर्ला एकाच जिल्ह्यात, पण आंबोलीचा पाऊस किनाऱ्याच्या दुपटीच्या आसपास. उघड्यावर सरळ कडेचा डबा ठेवा, सकाळी साडेआठला पट्टीने मिलिमीटर मोजा, लिहा, डबा उपडा करा. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच बदलतो, म्हणजे आकडे ताडून बघता येतात.

फोटोवरून रोग सांगणाऱ्या अ‍ॅपचं उत्तर निदान म्हणून नोंदवू नका. किनाऱ्यालगतच्या बागेत खाऱ्या वाऱ्याने पानांची टोकं आणि कडा करपतात, अ‍ॅप त्याला बुरशी म्हणून मोकळं होतं आणि उतावळा माणूस त्याच संध्याकाळी पंप पाठीला लावतो. काय दिसलं ते लिहा: कडा तपकिरी, समुद्राकडच्या बाजूला जास्त, नवी पालवी ठीक. एवढं लिहिलंत तर जाणकाराला फोनवरूनही पुष्कळ कळतं.

नवशिक्यांची आणखी एक हौस म्हणजे पहिल्याच दिवशी रंगीत, भरपूर रकान्यांची शीट. गणपतीपर्यंत ती बंद पडलेली असते. तारीख, झाडाचा नंबर, काय दिसलं, काय केलं, किती. पाच रकाने पुरतात. शीट मोबाइलवर ऑफलाइन करून ठेवा आणि झाडाखाली उभं राहूनच भरा. घरी जाऊन भरू म्हटलं की औषधाचं प्रमाण हमखास अंदाजाने लिहिलं जातं.

आणि ज्या अ‍ॅपमधून आपली माहिती बाहेर काढता येत नाही, त्यात एक ओळही भरू नका. एका शेजाऱ्याचं असं अ‍ॅप बंद झालं, त्याबरोबर सगळ्या काजू कलमांच्या नोंदी गेल्या. मी मृगाच्या आधी शीट डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर घेते आणि फवारणीचं पान छापून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. पावसात लाइट आठवडाभर गेली तरी ते वाचता येतं.