तैवानच्या राजकारणी चेन चू यांची कारकीर्द समजून घ्यायची तर कुठून सुरू करायचं

पदांची यादी आधी वाचू नका, काही हाती लागणार नाही. पहिलं मार्शल लॉ बघा, तैवानमध्ये तो १९४९ ते १९८७ होता, नवा विरोधी पक्ष काढायलाच बंदी. मग १० डिसेंबर १९७९ ची काओशुंग शहरातली घटना नीट वाचा, मानवाधिकार दिनाचा मोर्चा, पोलिसांशी झटापट, धरपकड आणि लष्करी कोर्टात चेन चूंना १२ वर्षांची शिक्षा, त्यातली सहा वर्षं त्यांनी खरंच जेलमध्ये काढली. इथे अजिबात घाई करू नका. पुढचं भराभर होतं, २००० ला त्यांचा पक्ष डीपीपी (डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टी) सत्तेत आल्यावर कामगार मंत्री, २००६ ला निवडणूक जिंकून त्याच काओशुंगच्या महापौर, २०२० ला कंट्रोल युआनच्या अध्यक्ष, म्हणजे सरकारी कारभारावरच नजर ठेवणारी संस्था. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगही तेव्हाच त्यांच्याकडे आला, हे १९७९ शी जोडून वाचा.