पंधरा किलोंचा हिशेब: मुंबईत सायकलवरून किराणा आणताना दुकानांची तुलना

किराण्याचे भाव पडताळताना बहुतेक जण दोन जिनसा विचारतात: साखर आणि तेल. दुकानदारांनाही हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून याच दोन जिनसांवर नफा सोडायचा आणि शेंगदाणे, रवा, खोबरं, साबण यांवर तो भरून काढायचा, ही जुनी रीत आहे. सुपरमार्केट असो की नाक्यावरचा वाणी, दोघेही तेच करतात. दोन भावांवरून दुकान ठरवणारा गिऱ्हाईक इथेच फसतो.

सायकलवाल्याची आणखी एक अडचण आहे. गिअरच्या सायकलीच्या साध्या ॲल्युमिनियम कॅरिअरवर बऱ्याचदा २५ किलोंची मर्यादा कोरलेली असते, पण खड्डे, स्पीडब्रेकर आणि बसच्या मागे घ्यावे लागणारे ब्रेक धरले तर एका खेपेला १५ किलोंच्या वर जाऊ नये. (पाववाल्याची काळी सायकल सोडा, तिचं लोखंडी कॅरिअर वेगळ्या जातीचं.) म्हणजे जागा मोजकी. तेव्हा कुठलं दुकान सगळ्यांत स्वस्त, हे विचारण्यापेक्षा कॅरिअरवरच्या एका किलोमागे किती रुपये सुटतात, हे विचारावं.

पुढचे आकडे फक्त रीत दाखवण्यापुरते धरा. लांबच्या दुकानात तांदूळ किलोमागे ३ रुपयांनी स्वस्त आहे. ५ किलो आणले की १५ रुपये सुटले आणि कॅरिअरचा तिसरा हिस्सा गेला. त्याच दुकानात काजू किलोमागे १२० रुपयांनी स्वस्त आहेत. पाव किलोवर ३० रुपये सुटले, आणि काजू खिशातही मावले असते. म्हणून हलका आणि महाग माल लांबून आणावा, जड आणि स्वस्त माल घराजवळून घ्यावा. गहू, तांदूळ, बटाटे यांच्यासाठी पाच किलोमीटर पायडल मारण्यात अर्थ नाही. बहुतेक वाणी दहा किलो गहू पोऱ्याकडून फुकट घरपोच पाठवतात, तर तो सायकलवर लादायचाच कशाला?

आधी वही, मग दुकान

मागच्या दोन महिन्यांची बिलं काढा. बिलं नसतील तर डबे बघून अंदाज लिहा. बारा-तेरा जिनसा पुरेत: तांदूळ, गहू किंवा पीठ, तूरडाळ, मूगडाळ, साखर, तेल, शेंगदाणे, पोहे, रवा, चहा पावडर, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण. प्रत्येकीपुढे महिन्याला लागणारं वजन लिहा. कांदे-बटाटे-टोमॅटो या वहीत नकोत. त्यांचे भाव रोज हलतात, त्यांची तुलना निराळी करावी लागते.

मग चार ठिकाणं निवडा. चालत जाण्याजोगा वाणी, जवळचं सुपरमार्केट, एखादं सहकारी भांडार आणि एक घाऊक बाजार. ॲपवरून मागवत असाल तर तेही पाचवं दुकान धरा, मात्र डिलिव्हरी, हँडलिंग आणि छोट्या ऑर्डरीचं शुल्क बेरजेत घ्या. सगळीकडचे भाव तीन दिवसांच्या आत टिपा आणि महिन्याचा पहिला आठवडा टाळा. पगाराच्या सुमारास लागणाऱ्या सवलती बाकीचे तीन आठवडे नसतात. भाव गुणिले महिन्याचं वजन, याची बेरीज करा. साखर दीड किलो लागते आणि डाळ चार किलो, तर डाळीवरचा एक रुपया साखरेवरच्या दोन रुपयांपेक्षा मोठा आहे. हे वहीत मांडल्याशिवाय दिसत नाही.

पाकीट वाचताना

जानेवारी २०२४ पासून पाकीटबंद मालावर एमआरपीबरोबर एककाचा भाव, म्हणजे युनिट सेल प्राइस, छापणं बंधनकारक आहे. काम त्याने सोपं होतं, पण त्यात एक मेख आहे. एक किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅममागे छापतात, त्याहून मोठ्या पाकिटावर किलोमागे. पाचशे ग्रॅमच्या पोह्यांवर ‘०.०९ रुपये प्रति ग्रॅम’ असेल तर हजाराने गुणा आणि मगच दोन किलोच्या पाकिटाशी ताडून बघा. शिवाय हा भाव एमआरपीवरून काढलेला असतो. दुकान एमआरपीच्या खाली देत असेल तर बिलातल्या रकमेला वजनाने भागा. कॅल्क्युलेटर उघडायला दहा सेकंद लागतात.

सगळ्यांत जास्त गफलत तेलात होते. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. ठरावीक वजनांची सक्ती गेल्यापासून ८५०, ८०० ग्रॅमच्या पिशव्याही त्याच आकारात, त्याच रंगात शेल्फवर दिसतात. समजा ९१० ग्रॅमची पिशवी १४० रुपयांना आणि ८५० ग्रॅमची १३२ रुपयांना आहे. आठ रुपये वाचल्यासारखे वाटतात. शंभर ग्रॅममागे पहिली पडते १५.३८ रुपये, दुसरी १५.५३. ‘स्वस्त’ पिशवीच महाग.

पाकिटाच्या आणि सुट्या मालाच्या भावात करानेही फरक पडतो. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य, डाळी आणि पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. म्हणून गोणीतून काढून तोललेली डाळ बऱ्याचदा स्वस्त पडते. पण त्या डाळीत किती खडे, किती कणी, किती टरफल, हे मुठीत घेऊन बघावं लागतं.

सुट्या मालाची तुलना

तांदळाचा नुसता भाव विचारून उपयोग नाही. वाडा कोलम कुठला, नवा की जुना, हे विचारा. जुना तांदूळ पाणी जास्त घेतो आणि भात जास्त होतो. नवा स्वस्त मिळतो, पण तितक्याच भाताला तांदूळ थोडा जास्त लागतो आणि भात चिकट होतो. दोन दुकानांतून पाव-पाव किलो आणून एकाच कुकरमध्ये, दोन भांड्यांत, मोजून सारखं पाणी घालून शिजवा. तूरडाळीचंही तसंच. एक दुकान दहा रुपयांनी स्वस्त आणि डाळ दोन शिट्ट्या जास्त खाते, तर तो फरक गॅसवर जातो.

गहू दळून आणायचा की तयार पीठ घ्यायचं, हा वाद घराघरात असतो आणि तो हिशेबानेच मिटतो. दहा किलो गहू ४० रुपयांनी ४०० रुपये, दळण किलोला ६ रुपये धरून ६० रुपये. निवडण्यात आणि गिरणीत मिळून दोन-तीन टक्के घट येते, म्हणजे हाती ९.७ किलो पीठ. किलोला ४७ रुपये ४० पैसे पडले. पाच किलोचं पाकीट २३० रुपयांना मिळत असेल तर ते ४६ रुपये किलो. पैशात पाकीट जिंकतं, चवीत आणि कोंड्यात गिरणी. ते ज्याचं त्याने ठरवावं. दोन्हीतलं काहीही सायकलवर लांबून आणू नये, एवढं मात्र नक्की.

वजनकाट्यावर संशय असेल तर भांडण न करता तपासण्याची एक युक्ती आहे. त्याच दुकानातलं एक किलो मिठाचं बंद पाकीट काट्यावर ठेवायला सांगा. आकडा ९९० ते १०१५ ग्रॅमच्या दरम्यान यायला हवा. ९५० दिसला तर नमस्कार करून निघा. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळणी व्हावी लागते, त्याचं प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असतं. एमआरपीपेक्षा जास्त घेतले, शेल्फवर एक भाव आणि बिलात दुसरा निघाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

रूळ ओलांडायचे की नाही

मुंबईत नुसत्या किलोमीटरवरून दुकान ठरवू नका. आधी बघा, मध्ये रेल्वेलाइन आहे का? नकाशात आठशे मीटरवर दिसणारं दुकान रुळांपलीकडे असेल तर पूल किंवा सबवे गाठण्यात अडीच किलोमीटर जातात, आणि परतताना भरलेली सायकल दादरच्या टिळक पुलासारख्या चढावर ढकलावी लागते. पादचारी पुलाचे जिने चढायचे म्हटलं तर १५ किलो माल अधिक १५ किलो सायकल, विचारच सोडा. पावसाळ्यात मिलन, अंधेरी, मालाड हे सबवे तुंबतात, म्हणून जून ते सप्टेंबर रुळांच्या आपल्या बाजूचंच दुकान पक्कं करून ठेवा, पाच-सहा रुपये जास्त गेले तरी.

लादलेल्या सायकलीचा शहरातला वेग ताशी १२ किलोमीटर धरा. पाच किलोमीटरवरचं दुकान म्हणजे जाऊन-येऊन पन्नास मिनिटं, वर रांगेचा वेळ. टायर, ट्यूब, चेन यांच्या झिजेपोटी किलोमीटरला एक रुपया बाजूला काढा. दहा किलोमीटरचे दहा रुपये. खेपेत ऐंशी-शंभर रुपये तरी सुटले तरच ती खेप व्यायाम सोडून आणखी काही कारणाने करण्याजोगी. शनिवार-रविवारची संध्याकाळ सुपरमार्केटसाठी वाईट. मंगळवार-बुधवारी सकाळी दुकान उघडताना गेलात तर बिलाची रांगही नसते आणि सायकल लावायला रेलिंगही मोकळं असतं.

सायकल कुठे लावायची, हा तुलनेतला वेगळा रकानाच ठेवा. वाण्याकडे सायकल नजरेसमोर राहते. सुपरमार्केटात अर्धा तास ती बाहेर एकटी असते, तेव्हा साखळी फ्रेम आणि मागच्या चाकातून घालून खांबाला अडकवा, दिवा आणि पंप काढून घ्या. पॅनिअर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या), हेल्मेट दारावर जमा करावं लागतं किंवा सुरक्षारक्षक पिशवीला प्लास्टिकची पट्टी बांधतो. दोन दुकानं एका खेपेत करायची असतील तर सुपरमार्केट आधी, वाणी नंतर. उलट केलंत तर पहिल्या दुकानाचा माल दारावर मोजून द्यावा लागतो.

कुठून काय

मसाले, सुकामेवा, वेलची, लवंग: मस्जिद बंदर. शंभर-दोनशे ग्रॅमच्या मालात खेप वसूल होते. सकाळी अकराच्या आत जा, नंतर हातगाड्यांतून सायकल काढणं जिकिरीचं. वर्षाचा मसाला करायचा असेल तर लालबागची मसाला गल्ली, मार्च ते मे. इथे नवखे एक चूक करतात: सुक्या मिरच्या तशाच घरी नेतात. मिरची वजनाला हलकी पण फुगीर, दोन-तीन किलोंतच दोन्ही पॅनिअर भरतात. तिथेच भाजून, डंकात कुटून घ्या, अर्ध्याहून कमी जागेत मावते. कुटलेला मसाला गरम असतानाच पिशवीत कोंबू नका, वाफ धरून गोळे होतात. पसरून निववायला थांबा.

डाळी, कडधान्य, साबण यांना सुपरमार्केट किंवा सहकारी दुकान. नायगावात १९४८ साली सुरू झालेला अपना बाजार अजून अनेकांच्या यादीत आहे, आणि वहीत त्याचा रकाना ठेवणं योग्यच. जड मालासाठी आणखी एक वाट: मुंबई ग्राहक पंचायत. १९७५ पासूनच्या या संस्थेत कुटुंबांचे गट दरमहा आगाऊ मागणी नोंदवतात आणि माल गटात वाटून घेतात. महिन्याची यादी आधी ठरवावी लागते, पण ती तर आता वहीत आहेच.

भाजीसाठी भायखळा किंवा दादरचा पहाटेचा बाजार. पाच-सहाच्या सुमाराला घाऊक माल असतो, पण पाव किलो कोणी तोलत नाही. दोन शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्या. रात्री नऊनंतर नाक्यावरच्या गाडीवर पालेभाजीची जुडी निम्म्या भावात सुटते, पण त्याच रात्री निवडायची तयारी हवी.

लादताना

जड माल खाली आणि दोन्ही बाजूंना सारखा. एका बाजूला ५ किलो तांदूळ असेल तर दुसऱ्या बाजूला तेलाचा कॅन, दोन्हींत एक-दीड किलोपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर हँडल एका बाजूला ओढतं. टाच पिशवीला लागत असेल तर पिशवी मागे सरकवा. हँडलला पिशवी अडकवू नका, वळताना ती पुढच्या चाकात जाते. पाठीवरच्या सॅकमध्ये चार-पाच किलोंवर नको, मे महिन्यात तर नकोच. रबरी पट्ट्यांची टोकं खोचून ठेवा, लोंबणारं टोक स्पोक्समध्ये अडकलं की मागचं चाक जाम.

निघण्याआधी टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेजवळ हवा भरा. कमी हवेच्या चाकावर वजन आलं की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिरडते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. कॅरिअरचे बोल्ट आणि मागचे स्पोक्स हाताने चाचपा. एखादा सैल असेल तर पुढच्या दोन-तीन खेपांत चाकाला आऊट येतो, म्हणजे ते डगमगत फिरतं, आणि तो काढायला मेकॅनिककडे जावं लागतं. साइड स्टँडवर भरलेली सायकल आडवी होते, भिंतीला टेकवून दोन्ही बाजूंना आळीपाळीने भरा.

कापडी पिशव्या घरून न्या, २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर राज्यात बंदी आहे. पावसात साखर, मीठ, पोहे, पीठ झाकणाच्या डब्यात ठेवा, पॅनिअर ‘वॉटरप्रूफ’ असली तरी. अंडी सगळ्यांत शेवटी, कॅरिअरच्या वर, खाली टॉवेलची घडी घालून. तीस अंड्यांचा ट्रे सायकलवर नेऊ नका. सहा-सहाच्या खोक्यांत घ्या आणि खोकी पट्टीने आवळू नका, पट्टी फक्त टेकेल एवढीच.